गोंगाट या नावाखाली

स्पीकर वाजतो की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. लिफ्टची पॅनेलं बनवणाऱ्या त्या कारखान्यात, टेस्टिंगच्या लांब टेबलापाशी, जेवणाची सुट्टी अर्धी सरलेली असताना त्याने लॅपटॉपमधलं 'गोंगाट' नावाचं फोल्डर उघडलं आणि हाताला येईल तो तुकडा वाजवला. सेकंदभराचा तुकडा. आधी पंख्याची घरघर, आणि त्या घरघरीच्या मागून कुणीतरी ओठ मिटून, सगळा जोर लावून म्हणालं, "मं—" आणि तुकडा संपला. पलीकडे डबा बंद करत बसलेला वायरमन म्हणाला, "काय साहेब, म्हैस पाळली का घरात?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसला. यालाही हसू येऊ घातलं होतं, तोंड तसं झालंही होतं. पण बोट सवयीने पुढच्या तुकड्यावर गेलं, आणि पुढच्या तुकड्यात फक्त "—द" होतं. मग पंखा. आवाज बाबांचा होता.  त्याला नुसतं आश्चर्य वाटलं, की बाबा इथे कुठे आले.

गोंगाट हे नाव त्यानेच दिलेलं. बोलण्यावर चालणारा दिवा करायचा तर आधी दिव्याला कान द्यावे लागतात. नखाएवढी चिप, मायक्रोकंट्रोलर म्हणतात तो, त्याच्या शेजारी मसुराच्या दाण्याएवढा माइक, आणि मग त्या दोघांना पढवायचं: हा शब्द 'मंद', याला उजेड पार विझेपर्यंत हळूहळू उतरव. हा शब्द 'उजेड', याला चढव. आणि हा बाकीचा सगळा गोंगाट, याच्याकडे लक्ष देऊ नकोस. तिसरा धडा सगळ्यांत महत्त्वाचा. तो शिकवला नाही तर दिवा प्रत्येक खोकल्याला दचकतो, दार आपटलं तरी मिचमिचतो. म्हणून ज्या खोलीत दिवा राहणार त्याच खोलीतला गोंगाट तासन् तास भरून घ्यायचा, त्याचे तुकडे पाडायचे आणि ते चिपला पाजायचे. हे सगळं त्याने अगदी रीतसर केलं होतं. कामावर निघताना बाबांच्या खोलीत, त्यांच्या उशाशी, माइक चालू करून ठेवायचा आणि संध्याकाळी आल्यावर बंद करायचा. तुकडे पाडायचं काम लॅपटॉप आपोआप करायचा. त्याने त्यातला एकही तुकडा ऐकला नव्हता. ऐकायचं काय त्यात, गोंगाटच तर होता. आणि हा माणूस कारखान्यात असा प्रसिद्ध की पॅनेलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा खटका, नुसता टक् करून चिकटला तरी आवाजावरून सांगणार, याची स्प्रिंग ढिली आहे. आज साहेबांच्या डोक्यात बोलून चालणारी लिफ्ट शिरली होती. "तुझा तो घरचा दिवा बोलण्यावर चालतो ना? मग लिफ्टलाच काय धाड भरलीय?" असं म्हणून त्यांनी दुपारनंतर सगळ्यांसमोर करून दाखवायला सांगितलं होतं. त्यासाठी थोडा नमुन्याचा गोंगाट हवा होता, इतकंच.

घरच्या दिव्याचं काय झालं, हे त्याने साहेबांना सांगितलं नव्हतं. तो दिवा माळ्यावर होता, आणि बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्यांना ठेवतात त्या ठिकाणी, एका स्वच्छ खोलीत. ताईने शोधलेली जागा. ताईला दोष देणंही सोपं नव्हतं. बाबांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा जवळजवळ गेली, तेव्हा पहिले सगळे महिने तिनेच काढले होते. पाठीला पट्टा बांधून ती त्यांना उठवायची, बसवायची. मग बाबांना त्याच्याकडे आणलं. तो दिवसभर कामावर, बायकोही कामावर, आणि दिवसापुरती येणारी बाई आज येईन म्हणायची आणि उद्या उगवायची. ताई एका संध्याकाळी आली, चपला न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मला काय हौस आहे का रे? मीही त्यांचीच मुलगी आहे. पण त्यांना आता काही कळत नाही. घर काय आणि तिथली खोली काय, त्यांना सारखंच." तो म्हणाला, "त्यांना कळतं." ती म्हणाली, "कशावरून?" तो चिडला. "मी दाखवतो तुला. ते स्वतः दिवा लावतील, स्वतः विझवतील. स्वतःच्या तोंडाने." ताईने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी तो झाडावर फार उंच चढला की ती असंच बघायची. मग म्हणाली, "एकदा जरी त्यांनी आपण होऊन तो दिवा हलवला ना, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. दुसरी बाई ठेवू, मी येऊन राहीन, काय वाटेल ते करू. पण नाही हलवला, तर तूही मग आडवा येऊ नकोस." ठरलं. बाबा पलीकडच्या खोलीत होते. दार उघडं होतं.

दिवाच का, तर बाबांचं सगळं आयुष्य दिव्यांत गेलं होतं. नाटकाच्या थिएटरात ते प्रकाशाचं काम बघायचे. रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआड, उंचावर एक अरुंद खोका होता. त्यात भिंतभर डिमर, एकेका दिव्याला एकेक लोखंडी दांडा. दांडा वर नेला की उजेड चढायचा, खाली आणला की उतरायचा, आणि उरलेली सगळी वीज नुसतीच तापून जायची. त्या तापलेल्या धुळीचा वास बाबांच्या सदऱ्याला कायमचा लागलेला होता, कितीही धुतला तरी. सुट्टीत ते त्याला बरोबर न्यायचे. तो त्यांच्या पायापाशी बसायचा, आणि समोरच्या फटीतून नाटक न बघता त्यांचे हात बघायचा. नट बोलत असायचा, बाबांचे डोळे मिटलेले असायचे. ते ऐकून उजेड करायचे. "लोकांना कळता कामा नये, उजेड कधी गेला," म्हणायचे. "कळलं म्हणजे आपण चुकलो." शेवटच्या प्रवेशात ते सगळे दांडे एकत्र हळूहळू खाली आणायचे. थिएटर पूर्ण काळोखात बुडायचं, आणि तो काळोख ते धरून ठेवायचे. टाळ्या पडायच्या आधीचा तो काळोख त्याला सहन व्हायचा नाही. वाटायचं, आता उजेड येणारच नाही, बाबा विसरले. तो त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून ओढायचा, "बाबा, आता?" आणि वरून कुजबुज यायची, "थांब." त्या एका शब्दाने त्याची भीती जायची, असं तो मोठेपणी लोकांना सांगायचा. खरं म्हणजे जायची नाही. पण सदरा हातात असायचा.

असा माणूस झटक्यानंतर ट्यूबलाइटखाली पडून होता. ट्यूबलाइट लावली की ते तोंड भिंतीकडे करायचे. बाई म्हणायची, "आजोबांना उजेड सोसत नाही." ताई म्हणायची, "त्यांना दिवस-रात्र कळत नाही." त्याला मात्र ठाऊक होतं, की तो पांढराफटक, सगळीकडे सारखा पडणारा उजेड हा बाबांच्या दृष्टीने उजेडच नव्हता. म्हणून त्याने हौसेने, जीव ओतून दिवा केला. नव्या पद्धतीचा बल्ब मंद करायला गेलं की थरथरतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे दहा दुकानं पालथी घालून जुना तारेचा बल्ब मिळवला. विजेच्या लाटेत सेकंदाला शंभर वेळा अशी घडी येते की वीज नसतेच. चिपने ती घडी पकडायची आणि तिथून थोडं थांबून मग वीज सोडायची. जितकं जास्त थांबावं, तितका उजेड कमी. बाबांच्या लोखंडी दांड्यासारखं इथे काही तापत नाही, वाया जात नाही, मंद उजेड म्हणजे नुसतं थांबणं. हे बाबांना सांगावं असं त्याला फार वाटलं होतं, आणि त्याने सांगितलंही, पलंगाच्या कडेला बसून, कागदावर लाटा काढून. बाबा कागदाकडे बघत होते. डाव्या हाताचा अंगठा चादरीवर वर-खाली होत होता. तेव्हा त्याला ते अंगाचं चाळवणं वाटलं. दिव्याला बटण त्याने मुद्दामच ठेवलं नाही. बटण ठेवलं म्हणजे कुणीही येता-जाता दाबणार, आणि मग दिवा बाबांचा कसला.

आवाज भरायची वेळ आली तेव्हा बाबांनी हात टेकायला लावले. माइक समोर धरला की ओठ घट्ट. "बाबा, नुसतं मंद म्हणा. जमेल तसं." ओठ अजून घट्ट. त्यांच्या नजरेत राग होता की लाज, ते त्याने फार तपासलं नाही, त्याला घाई होती. मग त्याने स्वतःचा आवाज भरला, बायकोचा भरला, कारखान्यातल्या चार जणांचा भरला. शब्द कळला म्हणजे झालं, आवाज कुणाचा का असेना, असा त्याचा हिशेब. बाबांचं बोलणं जड येणार म्हणून गालात कापसाचा बोळा धरून त्याने स्वतःच "मॉन्द, मॉन्द" केलं. बायको हसून हसून लोळली होती. तोही हसला होता. भिंतीपलीकडे बाबा होते.

आता जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि तो हेडफोन लावून बसून राहिला. तुकड्यामागून तुकडा. पंखा. पंखा. रस्त्यावरचा हॉर्न. पंखा. भांडं पडल्याचा आवाज, बाईचं फोनवरचं बोलणं. मग दार ओढून घेतल्याचा आवाज, आणि त्यानंतर, खोली रिकामी झाल्यावर, बाबा. "मं." पंखा. "मं—" घसा साफ केल्याचा आवाज. "मं—द." पुन्हा. पुन्हा. "उजे—" तिथे ड अडकायचा. जीभ वळायची नाही, आणि नाकातून एक चिडका श्वास सुटायचा. हा श्वास त्याच्या ओळखीचा होता. एखादा दांडा अडकला की थिएटरातल्या त्या खोक्यात तो यायचा. सेकंदासेकंदाला कापलेले ते शब्द तो एकमेकांना जोडत गेला. मुलासमोर, माइक तोंडाशी धरलेला असताना, ज्यांनी ओठ उघडले नाहीत ते बाबा सगळे गेल्यावर, कुणी ऐकत नाही असं समजून, धडा गिरवत होते. त्यांना माणसांत बोलायच्या आधी बोलणं नीट हवं होतं. नाटकाच्या आदल्या दिवशी रिकाम्या थिएटरात एकटे जाऊन ते तेच करायचे. एका तुकड्यात बाईचा आवाज होता: "काय आजोबा, कुणाशी बोल—" म्हणजे बाईला माहीत होतं. तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. उशाशी ठेवलेला माइक हे सगळं इमानाने टिपत होता, लॅपटॉप कापत होता, आणि त्याची चिप घोटून घोटून पाठ करत होती, की हा जो घोगरा, तुटका, श्वास लागलेला आवाज आहे, हा गोंगाट आहे. याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

मग ती संध्याकाळ आपोआपच समोर आली, जिला तो एवढे दिवस पाठ दाखवत होता. ताई पलंगासमोर खुर्चीवर, बायको दारात, तो लॅपटॉप मांडीवर घेऊन. टेबलावर दिवा. बाबांना उशांना टेकवून बसवलं होतं, केस विंचरले होते. "बाबा," तो म्हणाला, "म्हणा." आणि बाबांनी म्हटलं होतं. ओठ मिटून, जोर लावून, मानेची शीर फुगेपर्यंत. दिवा ढिम्म. त्यांनी पुन्हा म्हटलं. दिवा ढिम्म. मग त्याने, त्यांच्या हुशार मुलाने, बाबांना दाखवलं होतं, "असं बाबा, हे बघा, मंद." आणि त्याच्या एका शब्दासरशी दिवा शहाण्यासारखा खाली उतरला. ज्या माणसाने आयुष्यभर उजेड उतरवला त्याला उजेड कसा उतरवायचा ते दाखवलं. बाबांनी दिव्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा प्रयत्न केला. लॅपटॉपच्या पडद्यावर, त्यांच्या प्रत्येक आवाजापाठोपाठ, एकेक ओळ उमटत होती: गोंगाट. गोंगाट. गोंगाट. ताई जमिनीकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. तिला हरायचं होतं, हे त्याला आत्ता कळलं. ती म्हणाली, "अरे, काहीतरी म्हणताहेत का ते?" त्याने पडद्याकडे बघितलं होतं. बाबांकडे नाही, पडद्याकडे. आणि म्हणाला होता, "नाही गं. नुसतं कण्हताहेत." खोलीत हे वाक्य स्वच्छ ऐकू गेलं होतं. त्यानंतर बाबांनी तोंड उघडलं नाही. त्या दिवशीही नाही, त्यांची पिशवी भरली त्या दिवशीही नाही, गाडीत बसवताना त्याने पायाखाली उशी सरकवली तेव्हाही नाही.

साहेबांनी हाक मारली तेव्हा त्याने बरं वाटत नाही असं सांगितलं आणि घरी आला. खोटं नव्हतं ते. दोन दिवस तो गोंगाटातून बाबांना वेचून काढत बसला. "मं—द" सापडला की 'मंद'मध्ये. "उजे—" सापडला की 'उजेड'मध्ये. अपुरा शब्द अपुरा म्हणूनच घ्यायचा, तोच त्यांचा शब्द. आणि मग एक गोष्ट केली. बायकोचे आणि कारखान्यातल्या चौघांचे नमुने काढून टाकले, आणि स्वतःचे सगळे, कापसाच्या बोळ्यासकट, उचलून गोंगाटात टाकले. चार लोकांत दिवा राहणार, दुसऱ्याच्या बोलण्याने हलता कामा नये, हे कारण अगदी सबळ होतं, साहेबांनीही मान्य केलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. बायको मागे येऊन उभी राहिली. तिने पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "ताईंना फोन केलास का?" तो म्हणाला, "आधी त्यांना भेटतो. त्यांना घरीच घेऊन येतो."  तिने बाबांच्या पलंगावर रचून ठेवलेले इस्त्रीचे कपडे उचलायला सुरुवात केली, आणि त्याला तिच्याबद्दल एकदम फार माया वाटली.

भेटायची वेळ संध्याकाळची होती. लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, एकसारखी दारं. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. पडदा ओढलेला, वर ट्यूबलाइट. ओळखीचं काही चेहऱ्यावर आलं नाही. तिथली मदतनीस चादर बदलत होती, ती म्हणाली, "तुम्ही मुलगा का? आजोबा इथं आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत हो. आम्हाला वाटलं, त्यांची वाचाच गेलीय. त्रास काही नाही त्यांचा. अगदी शांत." ती गेल्यावर त्याने दार लोटलं, दिवा टेबलावर ठेवून वायर लावली आणि ट्यूबलाइट बंद केली. तारेचा तांबूस उजेड भिंतीवर आणि बाबांच्या अर्ध्या गालावर पडला. डोळे किंचित हलले. तो समोर गुडघ्यांवर बसला. "बाबा, माझं चुकलं. तुम्ही रोज म्हणत होता. मी ऐकलं सगळं. आता तो फक्त तुमचं ऐकेल. म्हणा एकदा." बाबा गप्प. "मंद म्हणा बाबा." गप्प. "हे बघा, माझं ऐकत नाही आता तो. मंद!" दिवा ढिम्म. "मंद. मंद. उजेड." दिवा ढिम्म. कशाला म्हणत होता कुणास ठाऊक, पण थांबता येईना. दिव्यासमोर गुडघे टेकून पन्नाशीचा माणूस तेच तेच म्हणत होता, आवाज चढत होता, फाटत होता, मानेची शीर फुगली होती, आणि ज्याला म्हणायचं त्याला त्याचं काही नव्हतं. बाबा त्याच्याकडे बघत होते. खूप वेळ बघत होते. तो दमून थांबला.

मग बाबा म्हणाले, "मं—द."

उजेड उतरायला लागला. उतरायचा वेग त्याने बाबांच्या हातावरूनच बेतला होता, लहानपणी पायापाशी बसून बघितलेल्या हातावरून. भिंत गेली, खुर्चीचा हात गेला, बाबांचा गाल गेला. तार लाल झाली, मग तेवढा लाल धागाही विझला. त्याचं मन भरून आलं. "बाबा, घरी चला," तो म्हणाला. "ताईला मी सांगतो. आत्ताच जाऊ."  त्याला वाटलं, ते दुसरा शब्द जुळवताहेत, तो अवघड जातो त्यांना, त्याने वाट बघितली. दिव्याला बटण नव्हतं. उजेड आता फक्त त्यांच्या तोंडून यायचा होता. व्हरांड्यातून कुणाचीतरी चाकाची खुर्ची गेली. "बाबा?" तो म्हणाला. "आता?" काळोखात चाचपडत त्याने त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. सदऱ्याला इथल्या साबणाचा वास येत होता.  मग त्यांचा डावा हात हळूच त्याच्या हातावर आला, आणि एकेक बोट उचलत, अजिबात घाई न करता, त्यांनी सदरा सोडवून घेतला. त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं. त्याला ताईला दाखवून द्यायचं होतं ते हेच.